लाकडी जमीन : दादरच्या घरातल्या सागवानी पार्केच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

आज वही उघडली. दिवाणखाना १८ फूट बाय १२ फूट. जमिनीवर सागवानाचे ठोकळे, प्रत्येकी ९ इंच लांब, ३ इंच रुंद, माशाच्या काट्यासारखे तिरके रचलेले. हिशेब केला तर साधारण ११५० ठोकळे होतात. आमच्याकडे याला कुणी पार्के म्हणत नाही. आजीपासून सगळे ‘लाकडी जमीन’ म्हणत आले, म्हणून वहीतही तेच.

इमारत हिंदू कॉलनीतली, १९३०च्या दशकातली. जमीन तेव्हाचीच.

या ऑगस्टमध्ये खोलीच्या मधोमध ती फुगून वर आली, पालथ्या परातीसारखी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तसा फुगवटा बसला, पण मधले ठोकळे सुटले ते सुटलेच. चालताना खडखड वाजतात. खिडकीजवळचा एक पट्टा पोखरलेला आहे. एका कंत्राटदाराने पाच मिनिटांत निकाल दिला : सगळं उखडा आणि टाइल घाला, नाहीतर वर प्लाय ठोकून लॅमिनेट टाकतो. त्याने वाकून एक ठोकळा हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, आज ना उद्या बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, कशाला एवढा खर्च?” त्यांचं चूक नाही. गल्लीतल्या दोन इमारती गेल्याच आहेत. पण ठोकळे सुटे असतात. नीट काढले तर दुसऱ्या घरात पुन्हा बसतात. टाइलचं तसं होत नाही.

५ डिसेंबर

सुतारकाका आले. बाबांच्या वेळेपासून आमच्या घराचं काम तेच करतात. त्यांनी पटाशीच्या टोकाने एक सुटा ठोकळा अलगद उचलला, उलटा केला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिले. मग म्हणाले, “ताई, गाभ्याचा माल आहे. असा आता मिळत नाही. टाकू नका.”

ठोकळ्याची जाडी ७/८ इंच. इतक्या वर्षांत वरून फार तर दोन मिलिमीटर झिजलंय. खालच्या बाजूला कडेने खाच आहे. गरम डांबर ओतून त्यात ठोकळा दाबायचा, डांबर खाचेत शिरून थंड झालं की पकड घेतं, अशी ही जुनी पद्धत. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर काळं डांबर, त्यावर लाकूड.

डांबर कोणतं आहे ते आधी बघणं भाग होतं. दगडी कोळशाच्या डांबरात आरोग्याला घातक द्रव्यं जास्त असतात आणि त्याला डांबरगोळीसारखा वास येतो. पेट्रोलियमच्या डांबराला तो नसतो. वाटाण्याएवढा तुकडा पांढऱ्या कापडावर ठेवून वर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन टाकलं. लगेच गडद तपकिरी डाग पसरला. पेट्रोलियमचं बिटुमेन असं विरघळतं, कोळशाचं डांबर सहसा विरघळत नाही. वासही नाही. जीव भांड्यात पडला. तरी नियम करून ठेवला : डांबर कोरडं घासायचं नाही, त्याची धूळ करायची नाही.

८ डिसेंबर

फुगवट्याचं कारण सापडलं. ही नोंद सविस्तर लिहिते, कारण सगळ्या कामाचं मूळ इथेच आहे.

२००६ साली वायरिंग नवीन केलं तेव्हा भिंतीच्या तळाला संगमरवरी स्कर्टिंग बसवून घेतलं होतं. आज त्याचा एक तुकडा काढला. मागे जमीन आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटच्या मालाने ठासून भरलेली. मी आणि काका तो माल खरवडत गेलो तर तळाशी तपकिरी, ठिसूळ चुरा निघू लागला. मला वाटलं कुजलेलं लाकूड. काकांनी बोटांत चुरडून सांगितलं, “बूच आहे हो, बाटलीचं असतं तसं.”

म्हणजे मूळ कारागिरांनी चारी बाजूंना बुचाची पट्टी घातली होती. लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन रुंद होतं आणि हिवाळ्यात आकसतं. बूच दाबलं जातं, जमीन सुखाने पसरते, पुन्हा मागे येते. सत्तरएक वर्षं हे बिनबोभाट चाललं. २००६मध्ये कुणीतरी ती फट ‘घाण जमते’ म्हणून बुजवली. ते काम आम्हीच करून घेतलं होतं आणि तेव्हा आम्हालाही ते स्वच्छ, टापटीप वाटलं होतं. त्यानंतर दर पावसाळ्यात जमीन भिंतीला रेटत होती. गेल्या ऑगस्टमध्ये डांबराची पकड हरली आणि तिला मोकळी असलेली एकच दिशा तिने घेतली, वरची.

रात्री हिशेब मांडला. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलतं, म्हणून तर जहाजांना वापरत. तरी १ टक्का ओलावा वाढला की वाढचक्रांच्या, म्हणजे खोडातल्या वर्षावर्षाच्या कड्यांच्या दिशेने ते सुमारे ०.१९ टक्के वाढतं आणि त्यांना आडव्या, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने ०.१० टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. मुंबईच्या खोलीत हिवाळ्यात लाकडातला ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास असतो, भर पावसाळ्यात १६पर्यंत जाऊ शकतो. ५ टक्क्यांचा फरक धरला, दोन्ही दिशांची सरासरी घेतली आणि ठोकळे ४५ अंशांत तिरके असल्यामुळे खोलीच्या प्रत्येक दिशेला त्यातलं निम्मं धरलं, तर १२ फुटांच्या रुंदीत १३ मिलिमीटर आणि १८ फुटांच्या लांबीत २० मिलिमीटर. दोन सेंटिमीटर! तेवढी जागा आम्ही सिमेंटने बंद केली होती.

१४ डिसेंबर

स्कर्टिंग पूर्ण काढलं. ६० फूट परीघ. छिन्नी-हातोड्याने माल फोडायला पाच दिवस लागले. मशीन लावलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं, पण एक चुकीचा फटका बसला की कडेचा ठोकळा चिरतो. आता चारी बाजूंना १४ मिलिमीटर मोकळी फट आहे. शेवटचा माल निघाला तेव्हा काही ठोकळे आपोआप एक-दोन मिलिमीटर भिंतीकडे सरकलेले दिसले.

२१ डिसेंबर

सुटलेले आणि पकड सैल झालेले मिळून २१४ ठोकळे उचलले. प्रत्येकाच्या खाली खडूने ओळ आणि क्रमांक लिहिला, नकाशा वहीच्या शेवटच्या पानावर आहे. बाकीचे ठोकून पाहिले. भरीव आवाज येतो ते तसेच ठेवले.

तळाचं डांबर कसं काढायचं यावर दोन दिवस गेले. तापवलं तर ते चिकट होऊन सगळीकडे माखतं, घासलं तर घासायचा कागद भरून जातो. शेवटी उलटं केलं. ठोकळे फ्रीजरमध्ये ठेवले. तासाभराने डांबर काचेसारखं कडक होतं आणि पटाशीच्या एका टिचकीने खपली उडते. एका वेळी बारा ठोकळे मावतात. आईने फ्रीजर रिकामा करून दिला. मटार आणि खोवलेलं खोबरं शेजारच्या काकूंकडे मुक्कामाला गेलं.

खिडकीजवळचे ३१ ठोकळे गेलेले आहेत. वाळवी. पण गंमत बघण्यासारखी आहे : पोखरलेल्या प्रत्येक ठोकळ्यात खाल्लेला भाग पांढऱ्या लाकडाचा, म्हणजे सालीलगतचा. लगतचा तपकिरी गाभा तिने सोडून दिलाय. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. सागवानाला वाळवी लागत नाही असं लोक सरसकट म्हणतात, ते गाभ्यापुरतंच खरं आहे.

वाळवीच्या मातीच्या नळ्या खिडकीच्या चौकटीतून आल्या होत्या. चौकटीचं काम पेस्ट कंट्रोलवाल्यांकडे दिलं. आमच्या बाजूने बोरिक पावडर एक भाग, टाकणखार दीड भाग कोमट पाण्यात विरघळवून त्या पट्ट्यातल्या कोब्यावर आणि तिथल्या ठोकळ्यांच्या तळाला ब्रशने लावलं. दोन्ही एकत्र घेतले की पाण्यात जास्त विरघळतात. आता किमान दोन आठवडे वाळू द्यायचं.

४ जानेवारी २०२५

रे रोडच्या लाकडाच्या वखारी. ३१ ठोकळे हवेत, थोडे जास्तीचे धरून ४५. कापण्यातली नासाडी धरली तर सव्वा घनफूट लाकूड पुरतं. नवीन सागवान काकांनी हातही लावून पाहिलं नाही. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४पासून बंद केली, त्यामुळे ‘बर्मा टीक’ म्हणून जे दाखवतात त्याबद्दल ते साशंक असतात. लागवडीतलं कोवळं लाकूड हलकं, वाढचक्रं रुंद, पांढरा भाग जास्त. आम्हाला जुनंच हवं होतं, घर पाडताना निघालेलं.

चौथ्या वखारीत दाराच्या चौकटीचे दोन खांब मिळाले. काकांनी वाकसाने एक टवका काढला, नाकाशी नेला, मला दिला. सागवानाचा तो वास, चामड्यासारखा, थोडा तेलकट. “हे बल्लारशाकडचं असावं,” म्हणाले. विदर्भातल्या सागाची नस त्यांना ओळखू येते. मी त्यांच्या शब्दावर ठेवलं.

खिळे शोधायला लोहचुंबक दोरीला बांधून खांबावरून फिरवला. नऊ निघाले.

१२ जानेवारी

ठोकळे कापून झाले. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती पात्याची धार खाते. काका दर आठ-दहा ठोकळ्यांनी रंध्याचं पातं दगडावर लावत होते. नवीन कापलेला पृष्ठभाग हिरवट, डागाळलेला दिसतो. घाबरायचं कारण नाही. गच्चीवरच्या उन्हात पंधरा दिवस ठेवले की मधासारखा रंग येतो. ओलावा मोजायच्या मीटरवर ठोकळे ११.५, जुनी जमीन ११. जमलं.

२५ जानेवारी

चिकटवण्याची चाचणी. काकांचा भरवसा सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदावर. मी म्हटलं दोन्ही करून पाहू. कोब्यावर डांबराचा पातळ थर ठिकठिकाणी उरलाय, तो पूर्ण निघत नाही. दोन ठोकळे पांढऱ्या गोंदाने, दोन एमएस पॉलिमर या पाणी नसलेल्या चिकटवणीने बसवले होते. आठवड्याने आज उचलले. गोंदाचे दोन्ही हाताने निघाले, तळ स्वच्छ. पाण्यावर बनलेला गोंद डांबराला धरत नाही. पॉलिमरचे काढताना कोब्याचा कपचा निघाला. शिवाय ते वाळल्यावर रबरासारखं लवचीक राहतं, लाकूड हललं तर सोबत हलतं. काका एवढंच म्हणाले, “ठीक आहे ताई, हेच लावू.”

६ फेब्रुवारी

बसवायला सुरुवात. भिंतीपासून नाही, मधल्या शिल्लक ओळीपासून. सूत ताणलं, गुण्या लावला. जुन्या इमारतीची कुठलीच भिंत काटकोनात नसते. भिंतीचा अंदाज धरला असता तर तिसऱ्या ओळीत वीण फाकली असती.

११ फेब्रुवारी

२१४ पूर्ण. एक रात्र वर वाळूची पोती ठेवली.

१६ फेब्रुवारी

घासण्याआधी मेण काढलं. आजी दर महिन्याला मॅन्शन पॉलिशचा डबा घेऊन गुडघ्यांवर बसायची, ते मेण अजून लाकडाच्या रंध्रांत आहे. ते तसंच ठेवून मशीन चालवलं तर घर्षणाने वितळतं, कागद चोंदतो आणि मेण आणखी आत जातं. टर्पेंटाइन, बारीक स्टील वूल, खिडक्या उघड्या, गॅस बंद. चार दिवस लागले. बादलीतलं द्रव चहासारखं झालं. त्या चार दिवसांत खोलीला अगदी तिच्या हाताचा वास येत होता.

२० फेब्रुवारी

आज माझ्या हातून चूक झाली. बेल्ट सँडर, ४० नंबरचा कागद. फोन वाजला, मी मान वळवली आणि मशीन दोन सेकंद एकाच जागी राहिलं. हाताच्या पंजाएवढा खड्डा, मिलिमीटरहून खोल. रडू आलं. एवढ्या वर्षांचं लाकूड आणि मी दोन सेकंदांत खाल्लं.

काकांनी मशीन बंद केलं, खरवडायची पोलादी पट्टी दिली आणि खड्ड्याभोवती हाताने उतार कसा पसरवायचा ते दाखवलं. दीड-दोन फुटांवर पसरला की डोळ्याला कळत नाही. संध्याकाळपर्यंत तेच केलं. तिरप्या उजेडात अजून दिसतो, पण मला माहीत आहे म्हणून. पुढचं मशीनकाम काका करणार, कडा आणि कोपरे मी हाताने.

काट्याच्या विणीत नसेच्या दिशेने घासणं शक्य नसतं, कारण प्रत्येक दुसरा ठोकळा आडवा येतो. म्हणून ४०चा कागद खोलीला तिरका, मग ८०, मग १२० खिडकीच्या उजेडाच्या दिशेने, गोल फिरणाऱ्या ऑर्बिटल सँडरने. १२०च्या पुढे गेलो नाही. फार गुळगुळीत केलं की तेल शिरत नाही. सागाची धूळ घशाला आणि कातडीला झोंबते, चांगला मास्क हवाच.

१ मार्च

फटी भरायच्या का? आलेला प्रत्येक जण विचारतो. ठोकळ्यांमध्ये आत्ता अर्धा मिलिमीटरपर्यंत फटी आहेत. भुसा आणि गोंदाची लांबी (पुट्टी) करून भरता येतात आणि महिनाभर फार सुंदर दिसतं. पण हा सुका ऋतू आहे. आता भरलं तर पावसाळ्यात लाकूड पसरेल कुठे? जे भिंतीपाशी झालं तेच प्रत्येक सांध्यात होईल. ठोकळ्याचा टवका उडाला आहे अशा अकरा जागा तेवढ्या भरल्या. बाकी उघड्या.

९ मार्च

पॉलिश ठरवायला तीन नमुने केले होते, उरलेल्या ठोकळ्यांवर. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून : रंग देखणा, पण ओला पेला ठेवला तर पांढरं वर्तुळ उमटलं. पॉलियुरेथेन (पीयू) : टणक, चकचकीत, पुसायला सोपं. तिसरं पक्कं जवसाचं तेल आणि वर मधमाशीचं मेण.

पीयूच्या बाजूने सगळे होते. मी नाही म्हटलं, त्याची दोन कारणं. ते वर पापुद्रा धरतं आणि सांध्यात उतरून ठोकळ्यांना एकमेकांशी चिकटवू शकतं. मग प्रत्येक ठोकळा आपापला थोडा आकसण्याऐवजी वीस-वीस ठोकळे एकत्र आकसतात आणि एकाच जागी पाच मिलिमीटरची भेग पडते. दुसरं, पीयूला ओरखडा पडला तर दुरुस्तीसाठी बऱ्याचदा पूर्ण खोली घासावी लागते. तेलाच्या जमिनीवर तेवढी जागा घासून पुन्हा तेल चोळलं की झालं. दर वर्षी हात फिरवावा लागेल हे मान्य. आजी महिन्याला करायची.

१२ ते २३ मार्च

तेलाचे तीन हात. सागात स्वतःचं तेल असल्यामुळे पहिल्या हाताआधी जमीन थिनरने पुसली, नाहीतर वाळायला फार वेळ घेते. पहिला हात टर्पेंटाइनने निम्मा पातळ केलेला, पुढचे तसेच. लावायचं, वीस मिनिटं थांबायचं, वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. राहिलं तर चिकट कातडी धरते.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. आम्ही प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत बुडवून, मग गच्चीवर सुटी पसरून वाळवली.

पहिला हात बसला तेव्हा कोरडा राखाडी पृष्ठभाग हातासरशी सोनेरी तपकिरी होत गेला, नस उठून आली. आई दारात उभी होती. म्हणाली, “अगं, मला वाटायचं ही काळीच आहे.” तिने लग्नानंतर पहिल्यांदा या जमिनीचा खरा रंग पाहिला.

३० मार्च

पाडवा. मेण लावून झालं. गुढी खिडकीत, खोली रिकामीच. नवे ३१ ठोकळे अजून किंचित फिके दिसतात.

२७ मे

काल पाऊस आला. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल, नेहमीची तारीख ११ जूनची! कडेचं काम मी जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवलं होतं. काकांना सकाळी सातला फोन केला. ते भिजतच आले.

दिवसभरात चारी बाजूंना बुचाची पट्टी बसवली आणि वर सागाचं स्कर्टिंग. महत्त्वाचं हे की स्कर्टिंगचे स्क्रू फक्त भिंतीत. जमिनीत एकही खिळा नाही, तिला त्याच्याखालून सरकता आलं पाहिजे. चार जागी स्कर्टिंगचा वीतभर तुकडा सुटा ठेवलाय. तिथे बूच घातलं नाही, फट मोजता यावी म्हणून. आजचं माप सगळीकडे १३ मिलिमीटर.

५ जुलै

फट लांबीच्या दोन टोकांना १० आणि १०.५, बाजूंना ११.५ मिलिमीटर. मीटरवर ओलावा १३.५ टक्के.

१९ ऑगस्ट

काल आणि आज मुंबई ठप्प. हिंदमातापाशी नेहमीप्रमाणे पाणी. घरात भिंतींना घाम आल्यासारखं झालंय, मीठ पाझरतंय, दारं घट्ट बसली आहेत. गेल्या वर्षी याच दिवसांत फुगवटा आला होता, त्यामुळे रात्री दोनदा उठून अनवाणी खोलीभर चालले.

सकाळी मोजलं. मीटरवर ओलावा १५ टक्के. लांबीच्या टोकांना ७ आणि ७.५, बाजूंना ९.५ आणि ९. जमिनीवर सहा फुटी सरळ पट्टी फिरवली, कुठेही उजेड दिसला नाही. ठोकळ्यांमधल्या फटी पूर्ण मिटल्यात, नख शिरत नाही. काकांना फोन करून आकडे वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. चौरंग खोलीच्या मधोमध, जिथे गेल्या वर्षी परात पालथी झाली होती तिथेच. अभिषेकाच्या पाण्यासाठी खाली तांब्याचं ताम्हन ठेवलंय. नवे ठोकळे कुठले ते ओळखायला मला आता नकाशा बघावा लागला. पुढचं माप १५ ऑक्टोबर.